बदल दिसतोय, पण का केला?

शुक्रवारी संध्याकाळी, अख्खा ग्रुप पिक्चरला निघायच्या मूडमध्ये असताना, माझा पॅच परत आला. आयुष्यातला पहिला! ऑफिसचं काम नव्हे हं, हौसेनं एका ओपन सोर्स प्रोजेक्टला पाठवलेला. बदल दोनच ओळींचा. सोबतची चिठ्ठी, म्हणजे कमिट मेसेज, दोनच शब्दांची: 'फिक्स्ड बग'. उत्तर आलं, 'बदल दिसतोय. तो का केला, ते लिहा.'

जाम सटकली. कोड समोर आहे ना, वाचा की राव! त्या दिवशी पॉपकॉर्नही गोड लागले नाहीत.

सोमवारी ऑफिसात एका जुन्या फाइलमध्ये विचित्र ओळ दिसली. प्रोग्रॅम मध्येच उगाच तीन सेकंद थांबत होता. कुणाचा हा शहाणपणा? गिट ब्लेम चालवलं. कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली, याची चहाडी करणारी ही कमांड. नाव आलं... माझंच! दोन वर्षांपूर्वी, रात्री १.४० वाजता. मेसेज: 'फायनल फिक्स'. कसलं फायनल नि कसलं काय! ओळ काढायची हिंमत होईना, ठेवायचं कारण आठवेना.

मग निमूटपणे लिनक्स कर्नलची पॅच पाठवण्याची नियमावली उघडली. पहिल्या ओळीत आधी बदल कुठल्या भागातला ते, मग कोलन, मग काय केलं ते. सगळं ७०-७५ अक्षरांत. कारण पुढे यादीत नुसती तीच ओळ दिसते. मग एक ओळ रिकामी सोडून खरी गोष्ट सांगायची: अडचण काय होती, वापरणाऱ्याला काय भोगावं लागत होतं, हाच उपाय का. जुन्या एखाद्या कमिटनं घोळ घातला असेल तर 'फिक्सेस' लिहून त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं द्यायची. शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि आपलं नाव. ही सही २००४ पासूनची. २००३ मध्ये एससीओ कंपनीनं लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमला कोर्टात खेचलं, त्यानंतर 'हा कोड द्यायचा मला हक्क आहे' हे प्रत्येकाकडून लिहून घेणं आलं.

आणि भाषा हुकमाची! 'फिक्स्ड' नाही, 'फिक्स'. कोडला सरळ अरे-तुरे करायचं: हे कर, ते काढ. (घरी ज्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांची छान सोय.)

रात्री मेसेज पुन्हा लिहायला बसले. माझ्या मावसबहिणीचा जन्म २९ फेब्रुवारी २००० चा. हा प्रोग्रॅम तिची जन्मतारीख घ्यायलाच तयार नव्हता. १०० नं भाग जाणारं वर्ष लीप नसतं, इथवर त्याला ठाऊक होतं; ४०० नं भाग गेला तर असतं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या दोन ओळींत ही अडलेली मुलगी कुठून दिसणार? सगळं लिहून काढलं. दोन ओळींच्या पॅचला नऊ ओळींचा मेसेज! बुधवारी पॅच घेतला गेला, काही खळखळ न करता.

ऑफिसातले ते तीन सेकंद? आहेत अजून तिथेच. मी रोज त्यांच्या शेजारून जाते, नजर चुकवून.