दोष सिद्ध कुणी करायचा?

नव्या मोटारसायकलचे इंजिन पहिल्याच महिन्यात खडखडू लागले, तर तो दोष कारखान्यातून आला की वापरात उद्भवला, हे कुणी सिद्ध करायचे? आपल्याकडे व्यवहारात याचे उत्तर एकच आहे. ज्याने पैसे मोजले, त्याने. हे उत्तर अन्यायाचे आहे आणि ते बदलले पाहिजे.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या गावात हा अन्याय शहरापेक्षा जड पडतो. इथे मोटारसायकल हौसेची वस्तू नाही. पहाटे दुधाचे कॅन, दुपारी खताचे पोते, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळे तिच्यावरच. सोयाबीनचे पैसे हातात आले की दसरा-पाडव्याला ती घ्यायची. बहुतेकदा थोडे रोख आणि बाकीचे फायनान्सवर. गाडी धाराशिवच्या वर्कशॉपमध्ये आठ दिवस पडून राहिली तरी हप्ता थांबत नाही. गाडी सोडायला एक दिवस, आणायला दुसरा, आणि त्या दोन्ही दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच.

वर्कशॉपच्या काउंटरवर ऐकायला मिळणारी वाक्ये ठरलेली असतात. आधी, ‘नवी गाडी आहे, पळू द्या, सेट होईल.’ मग, ‘पहिल्या सर्व्हिसिंगला बघू.’ आणि शेवटी, ‘हा वापरातला दोष आहे, वॉरंटीत बसत नाही.’ या तीन वाक्यांच्या दरम्यान दोन-तीन महिने निघून जातात आणि तक्रार केल्याचा एकही कागद ग्राहकाकडे राहत नाही. गाडी घेतली ती गावातल्या सब-डीलरकडून, बिल जिल्ह्याच्या मुख्य डीलरचे, वॉरंटी कंपनीची. जाब विचारायला गेले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कायदा वाचला तर धीर येतो. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, तक्रार करायला तेरच्या माणसाला धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगापलीकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तांत्रिक तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत लागावा, अशी अपेक्षा कायद्यातच लिहिली आहे.

अडचण पुढे आहे. कंपनी वॉरंटीने बांधली जाते ती सदोष भाग बदलून देण्यापुरती, अख्खी गाडी बदलून देण्यास नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात म्हटले. २०१० मध्ये फियाटच्या प्रकरणात निर्मितीतला अंगभूत दोष आहे की नाही, हा प्रश्न स्वतंत्र तज्ज्ञाकडे सोपवला गेला. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ साली बनलेली मोटार २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा निकाल देताना न्यायालयाने डीलरची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली आणि कंपनीला मोकळे केले. खटले मोटारींचे असले तरी तेच निकष मोटारसायकललाही लागतात. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी ती कोणत्या महिन्यात बनली ते पाहावे, आणि तक्रार करताना डीलर व कंपनी दोघांनाही सामनेवाले करावे.

ग्राहक संरक्षण कायद्यातच उत्पादन दायित्वाचे वेगळे प्रकरण आहे. ब्रेक निकामी होऊन पाय मोडला तर त्याखाली भरपाई मागता येते. पण त्या प्रकरणातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. माणूस जखमी झाला तर निर्माता उत्तरदायी; नुसते इंजिन बाद झाले तर ग्राहकाने पुन्हा दोष सिद्ध करण्याच्या वाटेला लागायचे.

तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. थापटण्याने मडकी तपासावीत तसे त्यांनी संतांना तपासले आणि नामदेव कच्चे ठरले, ही कथा इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यात तपासणारा कुंभार होता. मडके पक्के की कच्चे हे ज्याला कळते, त्यानेच ते सांगायचे. मोटारसायकलच्या बाबतीत गाडीचे आराखडे, चाचण्यांच्या नोंदी, त्याच बॅचच्या इतर गाड्यांच्या तक्रारी, सगळे कंपनीकडे असते. ग्राहकाकडे फक्त त्याच्या कानाला आलेला आवाज असतो. पुरावा मात्र त्याने द्यायचा!

ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात हे उलटे आहे. सदोष वस्तू पहिल्या तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात. सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विक्रीच्या वेळीच होता असे धरून दुरुस्ती किंवा बदल मागता येतो. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. आपल्या संसदेला हे कलम घालणे अवघड नाही.

ते होईपर्यंत ग्राहकाच्या हातात एक हत्यार आहे, जॉब कार्ड. गाडी आत घेण्याआधी आपली तक्रार आपल्या शब्दांत त्यावर लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले असेल तर सही करू नये. किलोमीटरचा आकडा आणि तारीख हवी, प्रत किंवा निदान फोटो हवा. एकच तक्रार तीन जॉब कार्डांवर सापडली, तर ‘वापरातला दोष’ म्हणणाऱ्याला आयोगापुढे उत्तर द्यावे लागते. गावातल्या मिस्त्रीला इंजिन उघडू देऊ नये. त्याचा हात कितीही चांगला असला तरी तेच कारण पुढे करून वॉरंटी नाकारली जाते. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल या झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीबाहेर असतात; टायर आणि बॅटरीची वॉरंटी अनेकदा त्यांच्या-त्यांच्या कंपनीची असते.

सर्व्हिसिंगची मुदत किलोमीटर आणि दिवस, दोन्हींत असते आणि जे आधी भरेल ते धरतात. धाराशिव-बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला गेली की गाडी घरी झाकून ठेवलेली असते. किलोमीटर भरत नाहीत, दिवस मात्र भरतात. घरी परतल्यावर कळते की मोफत सर्व्हिसिंग चुकली आणि तिच्याबरोबर वॉरंटीही वादात सापडली. पोट भरायला बाहेर गेलेल्या माणसाला हा दंड का? कंपन्यांनी अशा गाड्यांना स्पष्ट सवलत दिली पाहिजे, आणि विकतानाच मराठीत ती सांगितली पाहिजे.

एकट्याचा आवाज पोहोचत नाही म्हणून १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वापरावी. तिथल्या वर्षभरातल्या दहा हजारांहून अधिक तक्रारींवरूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस काढली होती. बहुतेक तक्रारी सोडवल्याचे कंपनीने कळवले. तक्रारी नोंदलेल्या होत्या म्हणून तरी हे उत्तर द्यावे लागले.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली. पहिला ग्राहक कायदा त्यानंतर बारा वर्षांनी आला. पुरावा कुणी द्यायचा हे बदलायलाही कदाचित वेळ लागेल. पण प्रत्येक जिल्हा आयोगाजवळ गाडी तपासणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञांची यादी तयार असण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. तंत्रनिकेतनातले ऑटोमोबाइलचे प्राध्यापक आणि निवृत्त मोटार वाहन निरीक्षक यांची अशी यादी धाराशिवच्या आयोगाने येत्या दसऱ्याआधी जाहीर करावी, आणि तपासणीचा खर्च किती येईल तेही तिच्यात लिहावे.