उन्हाळ्यात मुलांना सांभाळायचे कोणी?

नोकरी करणाऱ्या आईबापांना मुलांच्या उन्हाळी सांभाळाच्या खर्चावर आयकरात सवलत मिळावी, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. ती अन्यायाची नाही. जुन्या कररचनेत दोन मुलांच्या शाळेच्या शुल्काची वजावट मिळते. पाळणाघराच्या शुल्काची मिळत नाही. अमेरिकेत तर 13 वर्षांखालील मुलांच्या उन्हाळी दिवसशिबिराचा खर्चही करसवलतीस पात्र ठरतो. परंतु ज्याला आयकर द्यावाच लागत नाही, त्याच्या पदरात तेथेही या सवलतीतून काही पडत नाही. भंडारा जिल्ह्यातील आपल्या कष्टकरी कुटुंबांनी नेमके हेच ध्यानात घेतले पाहिजे.

साकोली, लाखनी, तुमसरकडील रानांत वैशाखात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. आईबाप पहाटेच्या अंधारात निघतात, दुपारी घरी बसून 70 पानांचा एकेक पुडा बांधतात आणि सायंकाळी फळीवर नेऊन देतात. मजुरी पुड्यांवर, म्हणून घरातील प्रत्येक हात कामाला लागतो. विदर्भातील शाळा जून सरत आल्यावर उघडतात. अंगणवाडी उघडी असली तरी काही तासांचीच. मग धाकट्याला कडेवर घेते ती थोरली बहीण, जिचे स्वतःचेच वय खेळण्याचे! तिच्या श्रमांची नोंद कोणत्या हजेरीपटावर होते?

1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, मातेची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याने तिचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते. जे जन्माच्या वेळी खरे, ते संगोपनाच्या वेळी खोटे कसे ठरेल? 2017 च्या कायदादुरुस्तीने 50 वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. पण रानाला आस्थापना कोण म्हणणार? 2005 च्या रोजगार हमी कायद्यात मात्र, कामावर सहा वर्षांखालील 5 वा अधिक मुले आल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. तीच वाट तेंदूच्या हंगामालाही हवी.

सुट्टीत रिकामी पडलेली शाळेची खोली, पिण्याचे पाणी, मुलांचा आहार आणि गावातीलच दोन स्त्रियांना पूर्ण मजुरी, एवढेच हंगामी पाळणाघरास लागते. ग्रामसभेत तसा ठराव मांडावा, स्त्रियांनी तो स्वतः मांडावा. पगारदारांना करसवलत अवश्य मिळो. परंतु तिने रानात गेलेल्या आईचे मूल सांभाळले जाणार नाही, आणि तिच्या थोरल्या लेकीचे बालपणही परत येणार नाही.