भाकरी कमी केली, पण इन्सुलिनचे काय?



यंदा जयंतीच्या तयारीची बैठक आमच्या शहादा तालुक्यातल्या एका वस्तीत विहाराच्या ओट्यावर चालू होती. वर्गणीचा हिशेब सांगता सांगता आमचा एक कार्यकर्ता अडखळला. अंगावरचा शर्ट घामाने भिजला, हात थरथरायला लागले, एकाच आकड्यावर तो तीन वेळा आला. मागून कोणीतरी हसले, "भाऊ आज लावून आलेत वाटतं." आमच्यातल्या एका आशाताईंनी मात्र त्याचा हात धरला आणि विचारले, "दादा, सुई घेतली ना? जेवलात का?" तो सुई घेऊन आला होता. जेवण म्हणून त्याने फक्त काकडी आणि दोन अंडी खाल्ली होती. ताईंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत तो भानावर आला.

त्याने तीन दिवसांपूर्वी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. भाकरी बंद, भात बंद, मधुमेह बंद! त्याने भाकरी-भात बंद केला आणि इन्सुलिनचे युनिट मात्र पूर्वीइतकेच ठेवले. त्या दिवशी ताई बैठकीला नसत्या तर आम्ही त्याला दारुडा ठरवून घरी पाठवले असते. ही लाज आमची आहे आणि हा लेख त्या लाजेतूनच लिहीत आहोत.

आधी विज्ञान समजून घेऊ. भाकरी, पोळी, भात, साबुदाणा, बटाटा यांतल्या कर्बोदकांची रक्तात साखर होते आणि इन्सुलिन ती साखर पेशींत पोहोचवते. डॉक्टरांनी ठरवलेला डोस हा आपल्या रोजच्या ताटाचा हिशेब असतो. आपल्याकडे पुष्कळांना ३०-७० चे मिक्स इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ दिले जाते. त्यातला एक भाग लवकर काम करतो, दुसरा बराच वेळ करत राहतो. एकदा टोचल्यावर ते ताटात काय आहे हे विचारत नाही, साखर खाली आणतेच. म्हणून ताट बदलले की डोस बदलावाच लागतो आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा असतो. उलट चूक त्याहून घातक आहे. टाइप-१ मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा माणसाने "आता मी भाकरी खातच नाही" म्हणून सुई सोडली, तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधण्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवणे हाच उपचार होता. मुले थोडी जास्त जगत, पण हाडांचा सापळा होऊन. आहार इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आमच्या तरुणांत या विषयावर दोन टोके दिसतात. एक टोक त्या व्हिडिओवाल्यांचे. दुसरे टोक म्हणते, "हे सगळे शहरातल्या सवर्णांचे चोचले, आपण कष्टकरी माणसे, आपल्याला भाकरीच लागते." आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. कर्बोदके कमी केली की जेवणानंतरची साखर कमी चढते, हे शरीराचे काम आहे. शरीर जात विचारत नाही. उपयोगाचे ज्ञान सवर्णांच्या हाती आहे म्हणून ते टाकून देणे बाबासाहेबांनी कधी शिकवले नाही.

स्वतः बाबासाहेबांचेच पाहा. संविधानाचे काम चालू असताना त्यांना मधुमेह होता, पाय दुखत, झोप लागत नसे, इन्सुलिन सुरू होते. मुंबईत डॉ. मालवणकरांच्या उपचारात असतानाच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत विवाह झाला. पुढे माईंनी डॉक्टर म्हणून त्यांची प्रकृती सांभाळली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' साठी १५ मार्च १९५६ ला लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी आपले आयुष्य वाढल्याचे श्रेय माई आणि डॉ. मालवणकर यांना दिले. एवढ्या प्रज्ञेच्या माणसानेही आपला आजार एकट्याच्या इच्छाशक्तीवर सोडला नव्हता. मग आमचा कार्यकर्ता मोबाईलच्या भरवशावर का राहतो?

धम्माकडेही पाहू. कोसलचा राजा पसेनदी भांडेभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला, ही कथा संयुत्त निकायात आहे. तथागतांनी त्याला भात बंद करायला सांगितले नाही, मात्रा ओळखायला सांगितले. राजाने एका तरुणाला जेवताना आठवण करून देण्याचे काम दिले आणि हळूहळू भात कमी करत नेला. मात्रा, सावकाशी आणि शेजारी आठवण देणारा माणूस, या तिन्ही गोष्टी इन्सुलिन घेणाऱ्याला आजही लागतात.

आता खरा प्रश्न. भाकरीच्या जागी ताटात काय येणार? नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर बसणारी बाई किंवा ऊसतोडीला गुजरातेत गेलेले जोडपे बदाम आणि पनीर कुठून आणणार? प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. त्यात सुमारे १२० ग्रॅम कर्बोदकेच असतात. डाळ आणि तेल पदरचे. २०१५ च्या कायद्याने बैलाच्या मांसावर बंदी आणून गरिबाचे स्वस्त प्रथिन काढून घेतले. शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे सुरू झाले होते, त्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये शासनाने थांबवला. वर उपदेश असा की तुम्ही फार भाकरी खाता! ताट व्यवस्थेने ठरवायचे आणि दोष रोग्याला द्यायचा, हा न्याय आम्ही ओळखतो.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी खरी साखर लपवू शकते. अशा माणसाला बोटाच्या थेंबाची रोजची तपासणीच आधार देते आणि तिच्या पट्ट्या महाग आहेत. त्यात मे महिन्याचे ऊन आणि घरात फ्रीज नाही. इन्सुलिन उन्हात ठेवले की निकामी होते. मग डोस घेऊनही साखर चढते आणि लोक म्हणतात, पथ्य पाळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. जो इन्सुलिनवर आहे त्याने भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. तीन भाकऱ्यांच्या दोन करायच्या तर तेही सांगून, आठवडाभर साखर तपासत. बदल आपल्याच ताटातून करावा. उडीद घातलेली कळण्याची भाकरी, जास्त डाळ, अंडे, सुकट, शेंगदाणे, पालेभाजी. खिशात साखरेची पुडी कायम असावी. ४० युनिटच्या बाटलीला ४० ची लाल टोपीची सिरिंजच वापरावी, १०० ची नाही. कोणी बेशुद्ध पडला तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

आणि संघटनेचे काम? प्रत्येक वस्तीत इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी असावी. ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत आम्ही मागणी लावून धरू: उपकेंद्रात इन्सुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या मोफत, रेशनवर डाळ, शाळेत अंडे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषणमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. आम्ही भीक मागत नाही.

तो कार्यकर्ता आता बरा आहे. डॉक्टरांनी डोस कमी करून दिला, दोन भाकऱ्या ठरवून दिल्या. वर्गणीचा हिशेबही त्यानेच पूर्ण केला. पुढच्या बैठकीत कोणी अडखळले तर हसण्याआधी विचारा, दादा, जेवलात का?

जयभीम! नमो बुद्धाय!