खालचा सूर

एखादे रॉक गाणे लागले की ऐकणारा आधी गायकाचे नाव विचारतो, मग गिटारवाल्याचे, मग फार तर ड्रम बडवणाऱ्याचे. चौथा कोणी होता काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्यांना सारे ओळखतात. मागे चुलाणाशी बसलेल्या आचाऱ्याची आठवण भात करपला तरच होते. बास गिटारवाल्याचे नेमके तसेच आहे. आणि मौज अशी, वाचकहो, की वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला त्याच माणसाची जागा हवीशी वाटू लागली! दिवाळी अंकात सदर लिहिणाऱ्याला थोडे मनासारखे बोलण्याची मुभा असते, म्हणून हे पुराण.

नेहमीच्या गिटारीला सहा तारा, हिला चार. पण त्या चांगल्या जाड आणि सुमारे ३४ इंच लांब. सर्वांत जाड तार छेडली की सेकंदाला जेमतेम ४१ कंपने होतात. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरातून हा स्वर नीट उमटतही नाही. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या कारागिराने १९५१ साली हे विजेवर चालणारे वाद्य बाजारात आणून रूढ केले. त्याआधी बहुतेक बासवाल्यांना माणसाएवढे लाकडी धूड उभे करून वाजवावे लागे. या फेंडरसाहेबांना स्वतःला मात्र गिटार वाजवता येत नव्हती. हे वाचल्यापासून मला भलताच धीर आला.

माझी नोकरी नांदेडला, घर लातूरला. नांदेडला शेजारच्या खोलीत राहून डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा माझा गुरू. गुरूचे वय एकोणीस! तो मला 'काका' म्हणतो, आणि बोट चुकले की जुन्या मास्तरांच्या थाटात 'पुन्हा' म्हणतो.

पहिला धडा 'क्वीन' या इंग्रज बँडच्या 'अनदर वन बाइट्स द डस्ट'चा. १९८० सालचे हे गाणे त्यांच्या बासवाल्याने, जॉन डीकनने रचले. गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि १९५८ साली तिथल्याच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड करून पियानो वाजवीत होता, हे मी सांगितले तेव्हा गुरूही चकित झाला.

त्या गाण्यात तीन सारखे ठोके पडतात आणि मग क्षणभर शांतता. ठोके मला दोन दिवसांत आले. शांतता यायला तीन आठवडे लागले. जाड तार एकदा हलली की घुमतच राहते. तिला वेळेवर बोटांनी दाबून गप्प करावे लागते. गुरू म्हणाला, "काका, वाजवणं सोपं हाय ओ, थांबवणं अवघड."

दुसरे गाणे 'पिंक फ्लॉइड'चे 'मनी', १९७३ सालचे. रॉक गाणी बहुधा चार मात्रांची चाल धरतात. हे बरेचसे सात मात्रांत आहे. इथे गुरूच आठवी मात्रा घालून मोकळा होई! माझे चुलते भजनी मंडळात पखवाज वाजवीत. डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावायचे काम लहानपणी माझ्याकडे असे. ती लावली की आवाज कसा खोल जातो, हे तेव्हापासून कानांत आहे. रूपक तालही सातांचाच. वजने निराळी पडतात, पण सातानंतर पुन्हा एक, हे अंगात मुरलेले. त्या संध्याकाळी चहा गुरूने पाजला.

शनिवारी ही गिटार घेऊन मी लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूरला जातो. पहिल्याच खेपेला कंडक्टरने विचारले, "काय ओ साहेब, बंदूक हाय का काय?" गिटार आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग वाजवा की अहमदपूरपर्यंत!" विजेशिवाय हिचा आवाज पुढच्या बाकापर्यंतही पोचत नाही, असे मी सांगितले. "म्हंजी आमच्या गावातल्या मोटारीवानीच," म्हणत त्याने तिकीट फाडले.

त्या संध्याकाळी घरी अ‍ॅम्प्लिफायर फरशीवर ठेवून मी सर्वांत जाड तार छेडली. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटे किणकिणली. थोड्या वेळाने पाहतो तो आई घरात नाही. ती अंगणात उभी होती. पायांत चपला, आणि माझ्या मुलीचे मनगट घट्ट धरलेले.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी गणपती बोळवून गावे झोपली होती. किल्लारीच्या परिसरात घरांना दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचे ओझे. ते काही सेकंदांत खाली आले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. आईचे माहेर त्याच पट्ट्यातले. त्या रात्री ती तिथेच होती. धाकटा भाऊ तिने गमावला. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हाही तिला कित्येक रात्री झोप नव्हती.

अंगणात ती एवढेच म्हणाली, "तवाबी आधी भांडी वाजली होती."

मी म्हटले, "माय, विकून टाकतो ही." ती काही बोलली नाही. सकाळी मात्र आपणहून म्हणाली, "दाखव बरं, कुठून निघतंय ते."

अ‍ॅम्प्लिफायर गादीवर ठेवला, आवाज अगदी लहान केला. तिने गिटारीच्या लाकडावर तळवा टेकला. मी तार छेडली; लाकूड थरथरले आणि तिचा चेहरा ताठ झाला. मी तार दाबली, सारे गप्प. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा तिने स्वतःच तारेवर बोट ठेवले.

"बंद होतंय की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "तवा कुणाच्या हातात नव्हतं रे."

आता आमच्या घरी एक नियम आहे. वाजवण्यापूर्वी हाक मारायची, आणि आई 'आज नको' म्हणाली तर पेटी उघडायचीच नाही. असे दिवस येतात. एरवी ती शेजारी बसून शेंगा सोलते. गाणी तिला मुळीच आवडत नाहीत, आणि तसे ती तोंडावर सांगतेही!

दिवाळीच्या दिवसांत शेजारचे कोणी वडीलधारे सुतळी बॉम्बला दचकून अंगणात आले, तर हसू नये एवढीच विनंती. त्यांच्या मनात कोणती रात्र जागी झाली, ते आपल्याला कुठे ठाऊक असते?

बाकी क्षेम. गुरूची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तोवर त्याला सात मात्रा आणि मला शांतता, दोन्ही पक्क्या झाल्या म्हणजे मिळवली!