आधी कानामागे, मग डोक्यावर

गॅदरिंग उद्यावर आलंय आणि तुम्हाला केस बर्गंडी हवेत. आजच! सलूनमधली ताई म्हणते, "आधी पॅच टेस्ट करू, दोन दिवसांनी या." तुम्ही वैतागून शेजारच्या सलूनमध्ये जाता. तिथे कुणी काही विचारत नाही.

थांबा जरा. या धंद्यातली मंडळी एकमेकांना बऱ्याच युक्त्या सांगतात. रंगाआधी कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावा, कातडीवर डाग पडत नाही. ओले केस ताणले जातात, म्हणून बटा ओल्या कापताना लांबच ठेवा. वाळल्या की वर चढतात. (घरी आरशासमोर कात्री चालवणाऱ्यांना हे उशिरा कळतं.) पण बटा चुकल्या तर पुन्हा वाढतात. पॅच टेस्टचं तसं नाही.

गडद पर्मनंट रंगांत बहुतेकदा पीपीडी हे रसायन असतं. काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. खाज, पुरळ, कधी डोळे मिटतील एवढी सूज. आधी पाचदा काही झालं नाही, म्हणून सहाव्यांदा होणारच नाही असं नाही. 'काळी मेंदी' वाचून निर्धास्त होऊ नका, तिच्यातही अनेकदा हेच असतं. म्हणून कानामागे रंगाचा ठिपका आणि ४८ तास वाट. जागा लाल झाली, खाजली, तर रंग कॅन्सल.

गिऱ्हाईक जाईल म्हणून टेस्ट गाळणारी सलूनंही आहेतच. पण ती सवय त्यांना आपल्याच घाईनं लागली ना? पुढच्या वेळी आठवडाभर आधी जा. त्या परत पाठवणाऱ्या ताईकडेच.