जंगल ग्रीन, पण कुठल्या महिन्यातला?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच दुखण्याची आहेत. ब्रह्मदेश आघाडीवरची फिगर स्पर्धेत ठेवली, गुणपत्रिकेवर 'युनिफॉर्मची छटा चुकीची' असा शेरा आला आणि रंगकामाचे गुण कापले गेले. एकाचे गुण शर्ट आणि पँट वेगवेगळ्या हिरव्यात रंगवली म्हणून गेले, दुसऱ्याचे रंग फार फिका म्हणून. तिसऱ्याने १९४२ च्या माघारीतला सैनिक खाकीत रंगवला, तर त्याला 'जंगल सेटिंगला विसंगत' असे बजावण्यात आले. हा तिसरा शेरा वाचून हसावे की रडावे कळत नाही. खाकीच बरोबर होती. परीक्षकांच्या हातात म्हणे रंगांच्या बाटल्यांचा एक छापील तक्ता होता आणि फिगर त्या तक्त्याशी ताडून पाहिली जात होती. सीमाशुल्काच्या कोष्टकात आपली मॉडेल्स खेळण्यांच्या रांगेत बसतात. खेळण्यांवरचे शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० वर. ते आपण दात-ओठ खात का होईना सोसतो, कारण तिथल्या बाबूने आयुष्यात कधी ब्रश धरलेला नसतो. परीक्षक मात्र आपल्यातलेच असतात.

तक्त्याला आमची हरकत अशी की, त्यात 'जंगल ग्रीन' नावाचा एक चौकोन असतो आणि प्रत्यक्षात तसा एक रंग कधीच नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मलायात उतरल्या तेव्हा समोरच्या ब्रिटिश आणि हिंदी पलटणी खाकी ड्रिलमध्ये होत्या. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, मेपर्यंत उरलेले सैन्य चालत भारताच्या सीमेवर पोचले, तेही खाकीतच. हिरव्याची निकड कळली ती हा मार खाल्ल्यावर. आधी असलेली खाकीच हिरव्या रंगाच्या हौदात बुडवून काढली गेली. मुळातच हिरवे विणलेले किंवा रंगवलेले कापड पुरेशा प्रमाणात मिळायला १९४३-४४ उजाडले. ज्याने एकदा तरी घरी जुना कुर्ता रंगवला आहे त्याला पुढचे सांगायला नको. खालचा पिवळा-तपकिरी वर आल्याशिवाय राहत नाही, शिवणीत रंग जास्त बसतो आणि एका घाण्यातला कपडा दुसऱ्या घाण्यातल्याशी जुळत नाही. हे ब्रिटिशांपुरतेच होते असेही नाही. १९४२ मध्ये न्यू गिनीत गेलेल्या अमेरिकेच्या ३२ व्या डिव्हिजनचे कपडे ऑस्ट्रेलियात घाईघाईने हिरवे रंगवले होते. त्या रंगाने कापडाची छिद्रे बुजली, घाम आत कोंडला आणि सैनिकांच्या अंगावर व्रण उठले. एवढा गोंधळ ज्या रंगाच्या पोटात आहे तो एका बाटलीत कसा मावणार?

त्यात धुण्याची आणि उन्हाची भर. इंडियन पॅटर्नचा जाळीदार एरटेक्स शर्ट आणि जाड ड्रिलची पँट यांचे कापडच वेगळे. दोन्ही सारखे विटत नाहीत. शर्टाला खांद्यावर ऊन आणि पाठीवर घाम, पँटला गुडघ्यावर घासणे. म्हणून शर्ट राखट हिरवा आणि पँट अजून गडद, हे चित्र नियमाला धरून आहे. दोन्हींवर एकच बेसकोट मारून एकच हायलाइट ओढणे हीच खरी शंकास्पद गोष्ट. पाठीवरच्या १९३७ पॅटर्न वेबिंगच्या पट्ट्यांकडे पाहा. पट्टा जिथे रोज बसतो तिथले कापड उन्हापासून वाचते, म्हणून पट्टा जरा सरकलेला दाखवला तर त्याच्या कडेला मूळ गडद हिरव्याची बारीक रेघ दिसायला हवी. ७५ मिलिमीटरच्या फिगरवर ही रेघ ग्लेझच्या दोन पातळ थरांत येते आणि अख्खा शर्ट जुना वाटू लागतो. वॉश ओतून प्रत्येक चुणी काळी करण्यापेक्षा हे काम कमी वेळाचे आणि जास्त खरे. घामाने भिजलेली पाठ दाखवायची तर तिथला रंग एक पायरी उतरवून त्यावर किंचित सॅटिन व्हार्निश द्यावे आणि बाकी सगळे मॅट ठेवावे. ओले कापड गडद होते तसे ते थोडे चमकतेही, हे आपण काँट्रास्टच्या नादात विसरतो.

यावर परीक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे: सगळेच चालते म्हटले तर परीक्षण कशाचे करायचे? उद्या कोणी पोपटी रंगवून आणेल आणि 'विटलाय' म्हणेल. आक्षेप खोटा नाही. चुकलेला रंग विटण्याच्या नावावर खपवणारे आपल्यात आहेत, आणि त्यांना ओळखणे अवघड नाही. विटण्याला दिशा असते. ते वरून, उन्हाच्या बाजूने येते; काखेत, खिशाच्या झाकणाखाली, दुमडलेल्या बाहीच्या आत ते पोचत नाही. ज्याच्या फिगरवर काख आणि खांदा सारखेच फिके, त्याचे गुण खुशाल कापा. म्हणजे निकष आहेच, फक्त तो तक्त्यात सापडत नाही, फिगर हातात फिरवून पाहावी लागते. दुसरा आक्षेप संग्रहालयांतल्या नमुन्यांचा. तक्ते त्या नमुन्यांवरून बनले आहेत, मग ते चूक कसे? पण संग्रहालयात टिकून राहतो तो बहुतेक वेळा न वापरलेला, पेटीतला कपडा. जो अंगावर वर्षभर वापरला गेला तो फाटून गेला. त्या काळचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत हे खरे, पण त्यांतही एकाच रांगेतल्या चार जणांचे शर्ट चार टोनचे दिसतात, आणि टोन तर कृष्णधवल फोटो चोख दाखवतो.

छटेचा हा हट्ट एकवेळ सोडून देता आला असता. पण त्यामागची समजूत अशी की जंगल म्हणजे हिरवा, चिखल आणि वेली. त्या समजुतीने फिगरसकट अख्खा बेस बिघडतो. मराठी मॉडेलरला जवळचे वाटेल असे उदाहरण घ्या. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या उख्रुल भागात सांगशाक इथे ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर लढली. महिना मार्चचा, पावसाळा दूर. ठाणे डोंगराच्या धारेवर, मातीच्या थोड्या थराखाली खडक, म्हणून खंदक खोल गेले नाहीत. काटेरी तार नव्हती, पाण्याची टंचाई होती आणि विमानातून टाकलेला पुरवठा बराचसा जपान्यांच्या बाजूला पडला. ही फिगर रंगवताना बुटांवर ओला चिखल आणि बेसवर चकचकीत पाने घातली की इतिहास पुसला गेला. तिथे हवी धूळ, फुटलेले ओठ, दाढीचे खुंट, उथळ खड्ड्याच्या कडेला ताजा फुटलेला खडक. पुढच्या महिन्यातली कोहिमाची गॅरिसन हिल दाखवायची तर तोफांच्या माऱ्याने पाने झडलेले बुंधे आणि त्यांवर अडकलेल्या पॅराशूट हव्यात. हिरवे जवळजवळ नाहीच. आणि मार्च १९४५ मधले मेकटिला तर ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात. जंगल ग्रीन घातलेला जवान तिथे उघड्या, धुळकट माळावर रणगाड्यांबरोबर चालत होता. खऱ्या घनदाट रानातसुद्धा, जिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, तिथे पायाखाली गवत नसते, तपकिरी पाचोळा असतो. स्टॅटिक ग्रासचे पाकीट मिटून ठेवा आणि गाळलेल्या चहाचा चोथा वाळवून वापरा. तपकिरी बेसवर हिरवी फिगर आपोआप उठून दिसते. मग ती वेगळी दिसावी म्हणून युनिफॉर्म भडक करण्याची वेळच येत नाही.

चेहऱ्याबद्दल एवढेच. चौदाव्या आर्मीतले बहुसंख्य सैनिक हिंदी होते, तरी आपल्याकडच्या फिगर्सचे चेहरे अजून 'फ्लेश' लिहिलेल्या गुलाबी बाटलीतून येतात आणि त्यावर तपकिरी वॉश फासला की हिंदी जवान झाला असे समजले जाते. सावळ्या चेहऱ्याचा बेसकोटच तपकिरीतून उचलावा, हायलाइटला पांढऱ्याऐवजी पिवळसर बदामी घ्यावा, ओठ आणि खालच्या पापणीला किंचित जांभळट छटा द्यावी. गोऱ्या सैनिकांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे. हिवतापावरच्या मेपाक्रिनच्या रोजच्या गोळीने कातडी पिवळी पडत असे. गोळ्या घेतल्या जातात की नाही याच्या अचानक तपासण्या जनरल स्लिम करवून घेत आणि ज्या पलटणीचा निकाल ९५ टक्क्यांखाली येई तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवत. तिघे गेले, बाकीचे ताळ्यावर आले. तेव्हा १९४४ च्या ब्रिटिश सैनिकाचा चेहरा पिवळट रंगवणाऱ्या सदस्याला 'कातडीचा रंग अनैसर्गिक' असा शेरा देण्याआधी परीक्षकांनी स्लिमचे पुस्तक चाळावे. ते मिळायला दुर्मीळ नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण सगळा दोष परीक्षकांच्या माथी मारणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही. या महिन्यात छापण्यासाठी आलेल्या ब्रह्मदेश फिगर्सच्या फोटोंपैकी बहुतेकांच्या मागे फक्त 'बर्मा, दुसरे महायुद्ध' एवढेच लिहिले होते. १९४२ ते १९४५ आणि आराकानच्या खाड्यांपासून इरावतीच्या वाळूपर्यंत पसरलेल्या लढाईला हे वर्णन म्हणजे पाकिटावर 'महाराष्ट्र' एवढाच पत्ता लिहिण्यासारखे आहे. रंगवणाऱ्यानेच ठरवले नसेल की आपला सैनिक कुठल्या महिन्यात कुठे उभा आहे, तर परीक्षक तक्ताच काढणार. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना विनंती: गुणपत्रिकेतला 'अचूक छटा' हा रकाना काढून टाका आणि त्या जागी 'सांगितलेल्या वर्षाशी, ठिकाणाशी आणि ऋतूशी सुसंगत' असा रकाना घाला. प्रवेशिकेसोबत तीन ओळींची चिठ्ठी सक्तीची करा. सदस्यांनीही ब्रश उचलण्याआधी ती चिठ्ठी लिहून टेबलावर चिकटवावी. हे आपण स्वतःपासून सुरू करत आहोत. पुढच्या अंकापासून फिगरच्या फोटोसोबत वर्ष, ठिकाण, ऋतू आणि पलटण लिहिलेले नसेल, तर फोटो कितीही देखणा असला तरी छापला जाणार नाही.