विश्लेषण : रणांगणावर मिळालेली शत्रूची वस्तू जवानाला घरी नेता येते का?

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात विकत घेतली आणि १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत पोहोचली. तेव्हापासून युद्धातील लुटीवर पुन्हा चर्चा होते आहे. भंडारा जिल्हा याच भोसल्यांच्या राज्याचा भाग होता. पण शत्रूकडून मिळालेल्या वस्तूवर खरा हक्क कोणाचा? आजचा कायदा जवानाला अशी आठवण जपू देतो का? आणि आजोबांच्या ट्रंकेत अशी वस्तू सापडली, तर घरच्यांनी काय करावे?

तलवार लंडनला गेली कशी?

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती नागपूरचा जो ऐवज लागला, त्यातूनच ही तलवार गेली असावी, असा अंदाज आहे. १८५३ मध्ये तर राज्यच खालसा झाले. तलवार परत आणण्यासाठी वाहतूक व विम्यासह सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला.

तेव्हा लूट कायदेशीर होती का?

ब्रिटिश व्यवस्थेत होती. जिंकलेला माल आधी राजसत्तेचा मानला जाई. मग तो विकून आलेली रक्कम हुद्द्यानुसार सैन्यात वाटली जाई. पेशवाईच्या पाडावानंतर मिळालेल्या ‘दख्खन लुटी’च्या वाटणीवरून इंग्रज सेनापतींमध्येच कित्येक वर्षे वाद चालला. नाशिकचा प्रसिद्ध हिरा याच लुटीतून लंडनच्या जवाहिऱ्यांकडे गेला.

मराठी परंपरेत याहून कडक शिस्तीची नोंद आहे. सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांच्या काळात मोहिमेवरून परतणाऱ्या शिपायांची झडती होई. हिशेबापेक्षा जास्त ऐवज निघाला तर तो सरकारजमा होई किंवा पगारातून वळता केला जाई. म्हणजे लूट शिपायाची नव्हे, राज्याची, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही.

आंतरराष्ट्रीय नियम काय सांगतात?

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे १८ वे कलम स्पष्ट आहे. युद्धकैद्याची शस्त्रे, लष्करी साहित्य आणि लष्करी कागदपत्रे काढून घेता येतात. मात्र त्याच्या वापराच्या खासगी वस्तू त्याच्याकडेच राहतात. हेल्मेट आणि गॅस मास्कही त्याच्याकडेच राहतात, कारण ते जीव वाचवतात. हुद्द्याची चिन्हे, पदके आणि भावनिक मोल असलेल्या वस्तू काढून घेण्यास मनाई आहे. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याचा आदेश आणि पावती लागते.

मृत सैनिकांसाठी पहिला जिनिव्हा करार आहे. त्यांचे खिसे चाचपून लूट होऊ न देणे आणि सापडलेल्या मौल्यवान वा भावनिक वस्तू दुसऱ्या बाजूला पोहोचवणे बंधनकारक आहे. शत्रूच्या खिशातले पत्र किंवा फोटो आपल्यासाठी ‘आठवण’ असेल. त्याच्या घरच्यांसाठी ती अखेरची खूण असते.

भारतीय कायद्यात शिक्षा काय?

जप्त लष्करी साहित्य सरकारचे ठरते, टिपणाऱ्या जवानाचे नाही. सरकारी मालमत्तेची चोरी वा अपहार केल्यास लष्कर कायदा, १९५० नुसार दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सक्रिय सेवेत लुटीसाठी घर फोडल्यास ती १४ वर्षांपर्यंत जाते.

नियम कडक असण्याला व्यावहारिक कारणही आहे. कारगिलमध्ये सापडलेली पगारपुस्तके, ओळखपत्रे आणि पत्रे यांच्या आधारेच, घुसखोर हे पाकिस्तानच्या नियमित सैन्यातले आहेत, हे भारताने जगाला दाखवले. ते कागद कोणी आठवण म्हणून खिशात घातले असते, तर पुरावाच उरला नसता.

मग रणगाडे चौकात कसे दिसतात?

कारण ते व्यक्तीचे नाहीत, संस्थेचे आहेत. १९६५ मध्ये असल उत्तरच्या लढाईत निकामी झालेले आणि पकडलेले पॅटन रणगाडे लष्कराच्या ताब्यात आले. पुढे त्यांतले काही संग्रहालयांत आणि सार्वजनिक ठिकाणी ठेवले गेले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातही पॅटन पाहता येतो.

अमेरिकेने १९९३ मध्ये वेगळा मार्ग काढला. तिथे सैनिक वस्तू वरिष्ठांकडे जमा करतो आणि ती परत मागण्याचा अर्ज करतो. तपासणीनंतर निरुपद्रवी वस्तू मिळू शकते. शस्त्र मिळालेच तर ते आधी निकामी करावे लागते.

घरात अशी वस्तू सापडली तर?

धोका इथेच आहे. मूळ जवान हयात नसतो आणि वस्तू मुला-नातवांच्या नावावर येते. वस्तूनुसार उत्तर बदलते.

• स्वयंचलित बंदूक वा तिच्या गोळ्या : हे प्रतिबंधित शस्त्र. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते बेकायदा बाळगल्यास किमान सात आणि कमाल १४ वर्षे तुरुंगवास. ‘वडिलांनी युद्धातून आणले’ हा बचाव पुरेसा नाही.

• साधे पिस्तूल वा बंदूक : परवान्याशिवाय ठेवता येत नाही. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. वारसाहक्कातही दोन शस्त्रांचीच मर्यादा आहे.

• दुरुस्तीनेही न चालणारे, जुन्या बनावटीचे शस्त्र : शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. पण ते खरोखर निकामी आहे, हे स्वतः ठरवू नये.

• हातबॉम्ब, तोफगोळा, अनोळखी दारूगोळा : हात लावू नका, हलवू नका, पोलिसांना बोलवा. जानेवारी २०२५ मध्ये जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतला स्फोट पाहिलेल्या भंडाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

• शंभर वर्षांपेक्षा जुनी तलवार वा ढाल : ती १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते आणि मग परदेशी नेता येत नाही.

• बिल्ले, पत्रे, फोटो : इथे तुरुंगाची भीती कमी, पण ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा संबंधित रेजिमेंटशी बोलून संग्रहालयाचा वा परत करण्याचा मार्ग विचारता येईल.

शस्त्राबाबत सर्वात सुरक्षित पाऊल म्हणजे विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी माहिती देणे आणि जमा केल्याची पावती घेणे. जवानाचा पराक्रम त्याच्या पदकात आणि पलटणीच्या इतिहासात नोंदलेला असतो. तो सिद्ध करायला ट्रंकेतल्या पिस्तुलाची गरज नाही. उलट तेच पिस्तूल नातवाला कोर्टात उभे करू शकते.